नाकातली फवारणी

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा एपिसोड लिहून टाकतोय.

मागच्या वर्षी पोळ्याला मी बार्शीटाकळीला घरी गेलो होतो. ताईचा पोरगा सात वर्षांचा. सकाळी उठला की लागोपाठ पंधरा-वीस शिंका, डोळे लाल, आणि नाक इतकं चोंदलेलं की रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचा. अकोल्याच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला होता. तो कपाटावर तसाच पडलेला. आजी म्हणे, "काऊन रे, लेकराच्या नाकात फवारनी मारतं काय?"

हसू नका. आमच्याकडे फवारणी म्हणजे कपाशीवरची. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून या शब्दाचीच धास्ती आहे. त्यात ताईनं खोक्यातला कागद वाचला, 'स्टेरॉइड' दिसलं, आणि विषय संपला. पण उशाशी दुसरी बाटली होती, मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब. ते महिनाभर चालू होते, आणि त्यांना कोणीच घाबरत नव्हतं.

परत पुण्याला जाताना ट्रेनमध्ये मी या दोन बाटल्यांचा इतिहास शोधत बसलो.

सुरुवात 1819 ची. लंडनमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं स्वतःचाच आजार वैद्यकीय सभेत मांडला. दर उन्हाळ्यात नाक-डोळे वाहायचे. रक्त काढणं, अफू, थंड पाण्याची आंघोळ, सगळं करून झालं होतं. त्याचा संशय उन्हावर होता. खरा गुन्हेगार 1873 मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं पुस्तकातून जाहीर केला, तो म्हणजे परागकण. हवेत किती उंचीवर ते सापडतात हे बघायला त्यानं चिकट काचा लावून पतंग उडवले होते. पतंग उडवून डेटा गोळा करणं, याहून भारी प्रोजेक्ट मी तरी ऐकला नाही.

तिकडे दोष गवताच्या परागांचा. आपल्याकडचा एक मोठा आरोपी मात्र बाहेरून आलेला आहे, गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. अमेरिकेच्या पीएल-480 गव्हातून आलं, ही गोष्ट घरोघरी सांगतात. पण तारखा जुळवून बघा. तो कायदा 1954 चा, भारताशी करार 1956 चा, आणि पुण्यात हे गवत 1951 लाच दिसल्याची नोंद आहे. राव यांचा त्यावरचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1956 मध्ये आला. म्हणजे धान्यातून आलं असेलही, पण त्या करारातून नाही. आमच्या क्रिकेटच्या ग्राउंडला पावसाळ्यानंतर याचंच पांढरं कुंपण असतं. बॉल आणायला जो आत जाई तो शिंकत बाहेर येई.

आता बाटल्या. थेंब शिरा आवळतात, सूज उतरते, पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं. पण बरेच दिवस घातले की असर उतरताच नाक आणखी चोंदतं, मग पुन्हा थेंब. डॉक्टर मंडळी हे 1940 च्या दशकापासून लिहितायत. सवय लावणारी बाटली ही!

स्टेरॉइडची भीती मात्र उगाच नव्हती. 1948 मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं, 1950 मध्ये नोबेल मिळालं, आणि लगेच गोळ्या-इंजेक्शनचे दुष्परिणाम दिसले: सुजलेला चेहरा, वाढलेलं वजन, ठिसूळ हाडं. मग विचार असा झाला की औषध अख्ख्या अंगाला कशाला, नाकापुरतं देऊ. 1973 मध्ये नील्स मिगिंड या डॅनिश डॉक्टरनं बेक्लोमेथासोनचा नाकातला फवारा हे फिव्हरवर चालतो हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं.

लहान मुलांचं काय? इथे ताईची शंका खरी निघाली. 2000 मध्ये 6 ते 9 वर्षांच्या मुलांचा वर्षभराचा अभ्यास छापून आला. बेक्लोमेथासोनचा स्प्रे रोज दोनदा घेणारी मुलं सरासरी 5 सेंटिमीटर वाढली, औषध नसलेला स्प्रे घेणारी 5.9. त्याच वर्षी मोमेटासोनच्या तशाच अभ्यासात उंचीत फरक दिसला नाही. हे नवं औषध पोटात गेलं तरी रक्तात फार थोडं उतरतं. अमेरिकेत ते 2 वर्षांपासून चालतं, फ्लुटिकासोन 4 वर्षांपासून. तरी डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात, आणि डोस कमीत कमी.

अडचण एवढीच की हा स्प्रे लगेच जादू करत नाही. रोज मारावा लागतो, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. थेंबांपुढे तो दोन दिवसांत 'फालतू' ठरतो. आणि मारायची रीतही कोणी दाखवत नाही: मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, तोंड बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारलं की रक्त येतं.

मी हे सगळं ताईला व्हॉइस नोटवर सांगितलं. तिनं डॉक्टरांना पुन्हा फोन करून खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं. ते मोमेटासोन होतं. थेंब बंद झाले. पहिले चार दिवस पोरगा रात्री रडला, चोंदलेल्या नाकानं, आणि आजीचा मला रोज फोन. दसऱ्याला गेलो तेव्हा तो तोंड मिटून झोपला होता. आजी आता हात बदलला की नाही ते बघते, नाव मात्र बदललेलं नाही: "फवारनी झाली का रे?"