निळ्या निशाणाखालचं पाणी

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उंच काठीवर निळं निशाण दिसलं, की त्याखाली पाण्याचं पिंप असतं. मेक्सिकोकडून चोरवाटेने सीमा ओलांडणाऱ्यांसाठी टक्सन शहरातल्या चर्चमंडळींनी घातलेली ही पाणपोई. तिचं कूळ थेट मध्ययुगीन चर्चच्या अभयापर्यंत नेण्याचा मोह होतो, पण ते जुळत नाही. इंग्लंडात चर्चमध्ये शिरलेल्या गुन्हेगाराला चाळीस दिवस अभय असे. कायद्याने मानलेली ती सवलत १६२४ साली कायद्यानेच मोडीत काढली. टक्सनने तशी सवलत मागितलीच नाही. २४ मार्च १९८२ रोजी, एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षं झाली त्या दिवशी, पाद्री जॉन फाइफ यांच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वादोर आणि ग्वाटेमालाच्या निर्वासितांना उघडपणे आसरा जाहीर केला. सरकार १९८० चा स्वतःचाच निर्वासित कायदा पाळत नाही, तेव्हा तो आम्ही पाळतो, हा त्यामागचा युक्तिवाद. क्वेकर पंथाचे जिम कॉर्बेट याला सविनय कायदेभंग म्हणायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी हा नागरी पुढाकार होता. न्यायालयाला ते पटलं नाही. १९८६ मध्ये फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. तरी १९९१ मध्ये चर्चसंस्थांनीच लढवलेल्या दाव्यात तडजोड करून सरकारने त्या दोन देशांतल्या लोकांचे अर्ज नव्याने ऐकायचं कबूल केलं. पाणपोईचं खरं कूळ या हट्टात आहे.

पाणी ठेवलं की माणसं येणारच, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो; कालक्रम मात्र उलटा आहे. १९९४ पासून शहरांलगतची सीमा आवळली गेली आणि वाटा वाळवंटात सरकल्या; उन्हाच्या धाकाने लोक थांबतील, असा सरकारी हिशेब होता. लोक थांबले नाहीत, मरू लागले. ही निळी निशाणं लावणारी ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ संस्था २००० साली उभी राहिली ती त्यानंतर. २००१ मध्ये काबेसा प्रिएता अभयारण्यात पिंपं ठेवायला तिला परवानगी मिळाली नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या भागात चौदा जण उन्हाने गेले. पिंपं असती तर ते नक्की वाचले असते, असं म्हणण्यात अर्थ नाही. वाट कदाचित दुसरीच असती. पण पाण्याच्या आमिषाने ते आले नव्हते, एवढं निर्विवाद. चर्च कायद्यापेक्षा मोठं झालं का, या दुसऱ्या आक्षेपाला परवानगीचे ते अर्जच उत्तर देतात. अर्थात सगळ्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. दुसऱ्या एका गटाच्या स्वयंसेवकाला वेगळ्या एका अभयारण्यात पाण्याचे भरलेले कॅन ठेवल्याबद्दल २००८ मध्ये कचरा टाकल्याच्या गुन्ह्यात दोषी धरलं. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला.