शनिवारवाड्यातील खून आणि वसईची किंमत

वसई किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदर या मासेमारांच्या वस्तीचा, आणि एकूणच वसईच्या किनाऱ्याचा राजकीय इतिहास सांगताना बहुतेक लेखक मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या किल्ल्यापासून थेट 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाकडे जातात. या दोन तारखांच्या मधे एक तिसरी तारीख आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. मार्च 1775 मध्ये सुरत येथे झालेल्या तहात हा किनारा एका पक्षाने दुसऱ्याला देऊ केला आणि त्या देण्याघेण्याच्या मुळाशी पुण्यात झालेला एक खून होता. महाराष्ट्राच्या स्मृतीत त्या खुनाइतके दुसरे कोणतेही गुन्हेगारी प्रकरण ऐकीव रूपात टिकलेले नाही, त्यामुळे गाजलेल्या गुन्ह्यांची श्राव्य फेरतपासणी करणाऱ्या आजच्या कथनप्रकाराच्या निकषांवर ते तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

हा कथनप्रकार पॉडकास्टचा. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून भागाभागाने ऐकवली जाणारी ध्वनिमालिका. तिच्यातील तपासप्रधान शाखेला जगभर वलय मिळाले ते 2014 साली अमेरिकेतील ‘सिरियल’ या मालिकेमुळे, जिने 1999 मधील बाल्टिमोरच्या एका विद्यार्थिनीच्या खुनाचा खटला पुन्हा उलगडून पाहिला. एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चाललेल्या कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर झालेल्या अन्यायाचा माग ‘इन द डार्क’ने काढला, तर 2018 मधील ‘द टीचर्स पेट’ या ऑस्ट्रेलियन मालिकेने 1982 पासून बेपत्ता असलेल्या स्त्रीचे प्रकरण इतके गाजवले की, पुढे तिच्या पतीचा खटला ज्यूरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालवावा लागला आणि 2022 मध्ये तो दोषी ठरला. निवेदक जुन्या जबान्या, वेळापत्रके आणि विसंगती यांच्याकडे परत जातो, हे या प्रकाराचे बळ. श्रोत्याला खलनायक लवकर हवा असतो, हा त्याचा धोका. दोन्ही गोष्टी पेशवाईतील प्रकरणाला नेमक्या लागू पडतात.

थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर 1772 मध्ये निवर्तल्यावर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला आणि चुलते रघुनाथराव यांना पुण्याच्या शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याची ओरड करत गारदी, म्हणजे पेशव्यांच्या सेवेतील भाडोत्री कवायती पायदळाचे शिपाई, वाड्यात घुसले; सुमेरसिंग, मुहम्मद युसूफ आणि खरकसिंग हे त्यांचे म्होरके होते आणि तुळाजी पवार हा रघुनाथरावांचा सेवक त्यांच्या बरोबर होता. नारायणराव चुलत्याच्या दालनाकडे धावला आणि तेथेच, त्याच्या आश्रयाला गेला असताना, मारला गेला. मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार गारद्यांच्या हालचालीची कुणकुण त्याच दिवशी आधी लागली होती, पेशव्यांच्या सेवेतील हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताची सूचनाही मिळाली होती, पण बंदोबस्त वेळेवर झाला नाही. कोणताही चांगला तपासक प्रथम याच काही तासांवर बोट ठेवील, कारण सूचना आणि खून यांच्या मधला वेळ हा कटाचा जितका पुरावा आहे तितकाच निष्काळजीपणाचाही आहे.

लोकांच्या कानात मात्र हे तास राहिले नाहीत. राहिली ती ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी, जी शनिवारवाड्यात अजून रात्री ऐकू येते अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट, म्हणजे नारायणरावास ‘धरावे’ असा रघुनाथरावांचा हुकूम त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ असा बदलल्याचा आरोप. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीत हा बदल शोधून काढला, असे ग्रँट डफ सांगतो. पण ज्या कागदावर खाडाखोड झाली म्हणतात तो कागद आज कोणापुढे ठेवता येत नाही, आणि धरण्याचा हुकूम रघुनाथरावांचाच होता हे मान्य केले तरी भाडोत्री शिपायांच्या हाती पेशव्याला द्यायला ते तयार होते, हे उरतेच. कृ. प्र. खाडिलकर यांच्या 1909 मधील ‘भाऊबंदकी’ या नाटकाने आणि 1944 मधील प्रभात कंपनीच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाने ही कथा घराघरांत नेली, तेव्हा निर्भीड न्यायाधीश आणि कारस्थानी पत्नी अशा दोन ठसठशीत आकृत्या उठून दिसल्या. आनंदीबाईंचा दोष असेल किंवा नसेल. एका अक्षराचा सारा भार स्त्रीवर टाकल्यामुळे सत्तेसाठी झटणाऱ्या पुरुषांचे हिशेब तपासायचे राहिले, एवढे खरे.

ते हिशेब वसईकडे घेऊन जातात. मुंबईकर इंग्रजांना साष्टी बेट आणि वसई ही दोन्ही ठिकाणे बऱ्याच काळापासून हवी होती, आणि 1772 मध्ये टॉमस मोस्टिन याला पुण्यात आपला प्रतिनिधी म्हणून पाठवताना हाच त्यांचा एक हेतू होता. म्हणजे खून झाला तेव्हा इंग्रजांचा माणूस पेशव्यांच्या राजधानीत हजर होता. याचा अर्थ खुनात इंग्रजांचा हात होता असा मुळीच होत नाही, पण खुनामुळे काय मिळवता येईल याचा अंदाज त्यांनी फार लवकर बांधला. नाना फडणीस, सखाराम बापू बोकील आदी कारभाऱ्यांच्या गटाने, ज्याला ‘बारभाई’ म्हणतात, नारायणरावांच्या विधवेच्या पोटी एप्रिल 1774 मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार उभा केला आणि खुनानंतर पेशवेपदी आलेले रघुनाथराव एकाकी पडले. त्या वर्षाच्या डिसेंबरातच इंग्रजांनी साष्टीवरील ठाणे घेतले, आणि मार्च 1775 मधील सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी 2,500 इंग्रजी फौजेच्या मदतीच्या बदल्यात साष्टी, वसई आणि लगतची बेटे द्यायचे कबूल केले. तारण म्हणून 6 लाखांचे जवाहीर ठेवले. छत्तीस वर्षांपूर्वी रक्त सांडून मिळवलेला किल्ला अशा रीतीने एका पदच्युत पेशव्याच्या कर्जाच्या कागदात आला. पाचूबंदरच्या कोळ्यांना त्या कलमाविषयी कोणी विचारले नाही, हे सांगण्याची गरज नाही. अठराव्या शतकातील कोणत्याच तहात तसा रिवाज नव्हता.

या प्रकरणाची श्राव्य मालिका करू पाहणाऱ्यापुढे पहिला अडसर असा की, मूळ आवाजाची एकही नोंद नाही. आरोळी नटाकडून म्हणवून घ्यावी लागते, आणि नटाच्या गळ्यातून आलेली आरोळी श्रोता पुरावा म्हणून ऐकतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद, ज्यांतून गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत वेचे छापले, हाच खरा आधार; म्हणून कोणते वाक्य समकालीन पत्रातले, कोणते पन्नास वर्षांनी डफने लिहिलेले आणि कोणते नाटककाराचे, हे निवेदकाने प्रत्येक वेळी उच्चारून सांगितले पाहिजे. वाचकाला टीप दिसते, श्रोत्याला दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील खटल्यात प्रसिद्धीच्या दुष्परिणामाची काळजी न्यायालयाला घ्यावी लागली, येथे ती निवेदकालाच घ्यावी लागेल.

अशा मालिकेचा शेवट चौकशीनंतर रामशास्त्री पुणे सोडून गेले त्या प्रसंगावर करण्याचा मोह होणे साहजिक आहे, कारण तो नाट्यमय आहे. कागदपत्रांचा क्रम मात्र पुढे जातो. इंग्रजांच्या कलकत्त्यातील कौन्सिलने सुरतेचा तह नाकारला, मार्च 1776 च्या पुरंदरच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांकडे. तरीही डिसेंबर 1780 मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वेढा घालून वसईचा किल्ला घेतलाच. 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने तो परत मिळाला, पण साष्टी गेली ती गेलीच, आणि वसईच्या खाडीच्या दोन तीरांवर दोन सत्ता आल्या. रघुनाथराव पुढच्या वर्षी कोपरगाव येथे वारले. मुहम्मद युसूफ याला पकडून देहदंड देण्यात आला होता. खुनाबद्दल मात्र रघुनाथरावांवर कधीच शिक्षा बजावली गेली नाही, आणि 1802 मध्ये मराठा सरदार होळकर यांच्यापासून पळून इंग्रजांच्या आश्रयाला आलेल्या ज्या पेशव्याने वसई येथे तैनाती फौजेच्या, म्हणजे स्वतःच्या खर्चाने इंग्रजी फौज ठेवून घेण्याच्या, तहावर सही केली, तो दुसरा बाजीराव त्यांचाच मुलगा होता.