खोऱ्याचा ताप : एका रोगाचा उलटा इतिहास

अपवादावरून नियम बांधूं नये, असें आम्ही शाळेंत मुलांना सांगत असूं. थोर वैद्यांनाही हा धडा शिकण्यास चाळीसहून अधिक वर्षें लागलीं, त्याची ही हकीकत आहे.

सन १८९२ मध्यें अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयरीस येथें अलेहांद्रो पोसादास या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें एका सैनिकाच्या विचित्र त्वचारोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं गोल पिंड दिसले. ते एकपेशी प्राण्याचे असावेत, असें ठरलें. सन १८९६ मध्यें कॅलिफोर्नियांतील दोन रोग्यांची हकीकत रिक्सफर्ड व गिलख्रिस्ट यांनीं मांडली. दोघेही दगावले होते. जंतूस ‘कॉक्सिडिऑइडीस इमिटिस’ असें नांव मिळालें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘सौम्य नव्हे तो’! हा प्राणी नसून बुरशी आहे, हें ऑफ्युल्स व मॉफिट यांनीं सन १९०० मध्यें सिद्ध केलें.

तरीही हा रोग दुर्मिळ व प्राणघातकच, हा समज टिकला. पुढें १९२९ सालीं स्टॅनफर्ड येथें एका विद्यार्थ्याच्या श्वासाबरोबर प्रयोगशाळेंतील ही बुरशी आंत गेली. तो आजारी पडला, पायांवर लाल गांठी उठल्या. परंतु तो बरा झाला! त्यानंतर डॉक्टर मर्नी गिफर्ड व अर्नेस्ट डिक्सन यांच्या शोधांतून उलगडलें कीं, सॅन वाकीन खोऱ्यांत नित्य आढळणारा ‘खोऱ्याचा ताप’ या बुरशीमुळेंच येतो.

म्हणजे वैद्यांनीं प्रथम पाहिला तो अपवाद. कोरड्या मातींतील बीजकण धुळीबरोबर फुप्फुसांत जातात; निम्म्याहून अधिक लोकांना कांहींच जाणवत नाहीं. शंभरांत सुमारें एकाच्या बाबतींत मात्र बुरशी फुप्फुसें ओलांडून त्वचा, हाडें, सांधे किंवा मेंदूचें आवरण गांठते. तेव्हां खोकला नसूंही शकतो. व्रण पाहून कर्करोगाची, पाठीचें दुखणें पाहून क्षयाची शंका येते. मेंदूच्या आवरणाचा विकार उपचाराविना प्राण घेतो, आणि त्यावरील औषध बहुधा जन्मभर घ्यावें लागतें.

हा रोग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीं. परंतु आपल्या अनेक घरांतील मुलें आज कॅलिफोर्निया व ॲरिझोना येथें राहतात. तिकडून परतलेल्या कोणास न भरणारा व्रण किंवा न थांबणारी डोकेदुखी जडली, तर आपण कोठें राहिलों होतों, हें त्यानें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. रोगाचें नांव त्या एका उत्तरांत दडलेलें असूं शकतें.