सावकाराचा रोखा आणि हिशेबाचे शिक्षण



पैशाचा हिशेब सामान्य माणसास शिकविला पाहिजे, असे हल्ली सर्वत्र बोलले जाते. बँका शिकवितात, सरकार शिकविते, आणि आमच्यासारखे कामगार संघटनेचे कार्यकर्तेही आता मोबाइलवर चालणारे अभ्यासक्रम बसवू लागले आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, शिकवावयाचे काय आणि कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस थोडे मागे, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात जावे लागेल.

१२ मे १८७५ रोजी सुप्यास बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सुप्यास लूटही झाली. परंतु बहुतेक ठिकाणी लोकांना हवे होते ते रोखे आणि हुकूमनामे. कागद हाती आले की ते जाळावयाचे. ज्या सावकाराने ते मुकाट्याने दिले, त्याच्या अंगास सहसा कोणी हात लावला नाही.

कागदावरच एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १८६७ पासून सरकारने फेरपाहणी करून सारा वाढविला, ही कारणे आपण शाळेत वाचलेली आहेत. परंतु आणखी एक कारण हिशेबाचे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली. व्याज साचू नये हा हेतू. सावकाराने त्यातून उलटीच वाट काढली. दर तीन वर्षांनी तो नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली.

हे आपण करूनच पाहू. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, आणि परतफेड काहीच नाही असे धरा. सरळ व्याजाने बारा वर्षांनी ३८८ रुपये होतात. दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर पहिल्या वेळी १७२, मग २९६, मग ५०९ आणि बाराव्या वर्षी ८७५ रुपये होतात. दर तोच, मुद्दलही तेच. फरक केवळ अंगठा किती वेळा उठविला याचा.

सरकारने १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायालयाने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासावा, दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास खातेवहीचा उतारा द्यावा, अशी कलमे त्यात होती. कायदा चांगलाच होता. परंतु ज्यास पावती द्यावयाची, त्यास ती वाचता येत नव्हती, आणि ती वाचावयास शिकविण्याचे काम कायद्यात कोणाकडेच नव्हते.

पुढे शेतकऱ्याचा मुलगा गिरणीत आला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात लिहिले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. रुपयास महिना एक आणा हा नित्याचा दर. ऐकावयास एक आणा; वर्षास ते शेकडा ७५ होतात!

आज आणा गेला, त्याच्या जागी ‘फ्लॅट’ व्याज आले. दहा हजार रुपये, बारा हप्ते, व्याज फक्त बारा टक्के, असे सांगतात. हप्ता पडतो ९३३ रुपयांचा. प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या दहा हजारांवर घेतलेले असते. म्हणून खरा दर वर्षास सुमारे साडेएकवीस टक्के होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर सांगणारे पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावे लागते. १८७९ च्या पावतीचेच हे नातवंड आहे. ते न वाचता सही झाली, तर त्याची गतही आजोबासारखीच व्हावयाची.

म्हणून आमच्या अभ्यासक्रमात व्याख्या पाठ करून घेणे नको. कामगाराने स्वतःच्या कर्जाचा आकडा घालावा, उत्तराचा अंदाज करावा, आणि अंदाज चुकला तर कोणत्या पायरीवर चुकला ते त्यास दिसावे. ज्याला ८७५ चा आकडा स्वतः काढता आला, तो नव्या कागदावर सही करण्यापूर्वी जुने व्याज कोठे गेले, हे विचारल्याशिवाय राहणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हप्त्याने घेतलेली वस्तू आहे, त्यांनी आज रात्रीच तो कागद काढावा आणि मुलांना जवळ बसवून हा हिशेब करून पाहावा.