१९१३चा उन्हाळा आणि झेल घ्यायला शिकणारा कर्णधार

आजचा धागा एका उन्हाळ्याविषयी आहे.

१९१३ साल. अमेरिकेतील ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी, सीडर पॉइंट नावाचे सहलीचे ठिकाण. तेथे दोन महाविद्यालयीन तरुण सुटीतील नोकरीसाठी आले होते. काम संपले की दोघे वाळूवर उतरत. एक लंबगोल चेंडू लांबवर फेकी, दुसरा धावत जाऊन तो झेली. पुन्हा फेक, पुन्हा झेल. सहलीला आलेल्या मंडळींना हा खुळा नाद वाटला असल्यास नवल नाही.

फेकणाऱ्याचे नाव गस डोराय. झेलणाऱ्याचे नाव क्नूट रॉकने. नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा तो येत्या हंगामासाठीचा कर्णधार होता.

येथे फुटबॉल म्हणजे आपण कोल्हापूर-गोव्यात पाहतो तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. यात चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या मुलखात शिरायचे असते. ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू समोरच्याच्या हाती जातो. आज या खेळातील सर्वांत देखणी भूमिका ‘रिसीव्हर’ची, म्हणजे धावता धावता लांबचा झेल घेणाऱ्याची मानली जाते. १९१३मध्ये मात्र त्या भूमिकेला धड नावही नव्हते. रांगेच्या टोकाला उभा राहणारा म्हणून त्याला ‘एंड’ म्हणत आणि त्याचे मुख्य काम अंग घालून वाट मोकळी करणे, हे होते.

त्या उन्हाळ्यात एखाद्या वार्ताहराने ‘येत्या हंगामात रॉकनेकडून काय अपेक्षा ठेवावी’ असा अंदाज बांधला असता, तर त्याने काय लिहिले असते?

प्रतिकूल बाजू आधी आली असती. खेळाडू २५ वर्षांचा, म्हणजे वर्गातील मुलांपेक्षा चांगलाच मोठा. उंची जेमतेम ५ फूट ८ इंच, शरीर बेताचे. १९१०मध्ये फुलबॅक म्हणून त्याची चाचणी घेतली होती, ती साफ फसली होती. जन्म नॉर्वेतील व्हॉस गावचा. वडील घोडागाड्या बनवीत आणि १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत आले. (ज्या प्रदर्शनाला जोडून भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन.) पाच वर्षांचा क्नूट आईबरोबर मागाहून पोहोचला. शाळेनंतर त्याने शिकागोच्या टपाल कार्यालयात कित्येक वर्षे नोकरी केली, पैसे साठवले आणि २२व्या वर्षी महाविद्यालयाची पायरी चढली. मध्येच, १९१२मध्ये, वडील वारले. शिक्षण सोडावे की काय, हा प्रश्नही उभा राहिला होता.

अनुकूल बाजू अशी, की या माणसाला काय येत नव्हते? पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी, तो उत्तम मारी. वाद्यवृंदात बासरी वाजवी, नाटकांत काम करी. रसायनशास्त्रात इतका हुशार की फादर ज्युलियस न्यूलँड यांनी त्याला प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतले होते. हेच न्यूलँड पुढे कृत्रिम रबराच्या शोधाशी जोडले गेले. मैदानावर तर अष्टपैलू असणे ही निवड नव्हतीच. तेव्हा आजच्यासारखे आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा असे वेगळे खेळाडू नसत. बदली खेळाडू मनाला येईल तेव्हा आत-बाहेर करता येत नसत. जो वाट मोकळी करी, तोच पुढच्या क्षणी वाट अडवी आणि वेळ आली तर चेंडू झेलायलाही तोच धावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. झेलणे एवढे कठीण का होते?

त्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागेल. १९०५च्या हंगामात या खेळाने किमान १८ जणांचा बळी घेतला. एकमेकांचे हात धरून, गच्च गोळा होऊन समोरच्यावर तुटून पडणे, हाच तेव्हा डाव होता. मुले तुडवली जात. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढल्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ला, प्रथमच मान्यता मिळाली. गर्दी पांगावी, हा हेतू होता.

परंतु नियमकर्त्यांनी एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. फेकलेला चेंडू कोणाचाही हात न लागता जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्याचा. पुढे १९१०मध्ये फेक रेषेच्या पाच यार्ड मागूनच करायची अट आणि २० यार्डांहून लांब फेकण्यास बंदी आली. शिवाय चेंडू इतका फुगीर, की एका हाताच्या पकडीत तो मावत नसे. अशा स्थितीत कोणता शहाणा प्रशिक्षक हा जुगार खेळेल?

१९१२ साली मात्र नियम खऱ्या अर्थाने उघडले. २० यार्डांची मर्यादा गेली. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. गोलरेषेमागे दहा यार्डांचा पट्टा आखला गेला आणि त्यात घेतलेला झेल गुण देऊ लागला. टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. चेंडूही सडपातळ झाला. माझ्या मते या खेळाच्या इतिहासात १९०६पेक्षा १९१२ हे वर्ष अधिक निर्णायक आहे, आणि त्याची आठवण फार थोडे लोक काढतात.

म्हणजे १९१३च्या उन्हाळ्यात वाळूवर सराव करणाऱ्या दोघांच्या हातात केवळ एका वर्षाचे जुने नियम होते. ते नियम सर्वांसाठी सारखेच होते, पण त्यांचा उपयोग कसा करायचा, हे फार थोड्यांना उमगले होते.

तोवरची रीत अशी होती. झेलणारा ठरलेल्या जागी जाऊन थांबे, वळे आणि चेंडू पोटाशी कवटाळून घेई. तो थांबला की बचाव करणाराही नेमका त्याच जागी येऊन थडके. रॉकने आणि डोराय यांनी सरावात ही रीतच मोडली. झेलणाऱ्याने थांबायचे नाही. चेंडू तो आज उभा आहे तेथे नव्हे, तर दोन क्षणांनी पोहोचेल तेथे फेकायचा. आणि झेल छातीवर नव्हे, हातांत घ्यायचा. बोटे सैल ठेवून, चेंडूबरोबर हात किंचित मागे नेत. सीमारेषेवर धावत जाऊन उंच झेल घेणारा क्रिकेटपटू डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नेमके कळेल. आपल्याला हे इतके स्वाभाविक वाटते की कोणाला तरी ते वाळूत शेकडो वेळा घोटून शिकावे लागले, यावर विश्वास बसत नाही.

आणि त्या हंगामात पणाला काय लागले होते? नोत्र दाम हे इंडियानातील कॅथलिक विद्यापीठ. १९११मध्ये त्याचा संघ अपराजित राहिला, १९१२मध्ये सातही सामने जिंकला. तरी पूर्वेकडच्या प्रतिष्ठित महाविद्यालयांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. शेजारची मोठी विद्यापीठे त्याच्याशी खेळण्यास नाखूश असत. मिशिगनने तर १९१०मध्ये खेळाडूंच्या पात्रतेचा वाद काढून ठरलेला सामना ऐन वेळी रद्द केला होता. कॅथलिक संस्थेविषयीचा आकसही या सगळ्यामागे होता, असे अनेक अभ्यासक मानतात. दुबळ्या संघांना शंभर गुणांनी हरवून नाव होत नाही आणि तिजोरीही भरत नाही.

नवे प्रशिक्षक जेसी हार्पर वाबाश महाविद्यालयातून आले होते. आदल्याच वर्षी नोत्र दामने त्यांच्या वाबाशला ४१–६ असे हरवले होते, ही एक गंमत. हार्पर यांनी दूरदूरच्या संघांना पत्रे लिहिली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या, म्हणजे आर्मीच्या, वेळापत्रकात एक जागा रिकामी होती. प्रवासखर्चासाठी एक हजार डॉलरवर सौदा ठरला. पूर्वेत नाव काढण्याची संधी होती ती एवढीच, एका दुपारची.

१ नोव्हेंबर १९१३. हडसन नदीकाठचे वेस्ट पॉइंट. आर्मीचे खेळाडू अंगापिंडाने भारी होते. सुरुवातीला नोत्र दामने नेहमीप्रमाणे मुसंडी मारून पाहिली, पण ती भिंत हलेना. मग डोराय फेकू लागला. रॉकनेने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की त्याने काही डाव मुद्दाम लंगडत काढले. समोरच्या बचावपटूने त्याच्यावरचे लक्ष काढून घेतले. मग एका डावात लंगडणे एकाएकी थांबले, रॉकने सुसाट सुटला आणि धावता धावता डोरायची फेक झेलून गोलरेषेपार गेला. हकीकतीला थोडे मीठमसाला लागले असेलही, कारण रॉकने हा जातिवंत गोष्टीवेल्हाळ माणूस होता. टचडाउन मात्र खरे आहे.

आर्मीनेही झुंज दिली. एका वेळी ती १३–७ अशी पुढे होती. मध्यंतराला नोत्र दामकडे अवघ्या एका गुणाची, १४–१३ अशी आघाडी होती. परंतु उत्तरार्धात आर्मीची कोंडी झाली. फेक अडवण्यासाठी गडी मागे पांगवले, की फुलबॅक रे आयकेनलॉब मधून घुसे. त्याला अडवण्यासाठी पुढे गोळा झाले, की डोरायचा चेंडू डोक्यावरून जाई. उत्तरार्धात नोत्र दामचे २१ गुण झाले, आर्मीचे शून्य. अंतिम गुणसंख्या ३५–१३. डोरायच्या नावावर १७ फेकींपैकी १४ यशस्वी आणि २४३ यार्ड अशी नोंद दिली जाते. त्या काळच्या मानाने हे आकडे अचाट होते.

(या सामन्यात आयझेनहॉवर आर्मीकडून खेळले, असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. ते तेव्हा अकादमीत होते, पण गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ १९१२मध्येच संपला होता.)

आता दंतकथेविषयी. रॉकने आणि डोराय यांनी फॉरवर्ड पासचा शोध लावला, असे आजही सर्रास सांगितले जाते. १९४०च्या रॉकनेवरील चित्रपटाने ही समजूत घट्ट केली. ती चुकीची आहे. पहिली कायदेशीर यशस्वी फेक ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे झाली. प्रशिक्षक एडी कोकम्स यांच्या सेंट लुई विद्यापीठाकडून ब्रॅडबरी रॉबिन्सनने फेकली आणि जॅक श्नायडरने झेलली. त्यांचा संघ तो संपूर्ण हंगाम अपराजित राहिला. पुढल्या वर्षी कार्लाइल येथील मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या संघाने पॉप वॉर्नर यांच्या हाताखाली फेकीच्या बळावर बलाढ्य पेनसिल्व्हेनियाला २६–६ असे लोळवले. ज्या शाळेचा हेतूच त्या मुलांची भाषा आणि ओळख पुसण्याचा होता, त्या शाळेतील मुलांनी हे केले. पण सेंट लुई पश्चिमेकडे दूर होते आणि कार्लाइलचे श्रेय नोंदवण्याची घाई कोणालाच नव्हती. वेस्ट पॉइंटचा सामना न्यूयॉर्कच्या वार्ताहरांच्या टप्प्यात होता. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत आला. पहिले कोण, हे अनेकदा छापखाना किती जवळ आहे यावर ठरते.

मग रॉकनेच्या पदरी काय उरते? माझ्या मते बरेच. १९०६च्या संघांनी फेक वापरात आणली. या दोघांनी नव्या नियमांखाली ती पूर्ण सामना पेलणारे हत्यार होऊ शकते हे दाखवले, तेही सर्वांच्या नजरेसमोर.

नोत्र दामने त्या हंगामातील सातही सामने जिंकले. आर्मीनंतर पेन स्टेटला १४–७ आणि शेवटी, नोव्हेंबरअखेर, टेक्ससला ३०–७ असे हरवले. वॉल्टर कॅम्प यांच्या राष्ट्रीय निवडीत रॉकनेला तिसऱ्या संघात जागा मिळाली.

आर्मीने त्या वर्षी दुसरा एकही सामना गमावला नाही. २९ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तिने नौदल अकादमीला २२–९ असे हरवले. त्या दुपारी व्हर्नन प्रिचर्ड फेकत होता आणि लुई मेरिलॅट नावाचा आर्मीचा एंड धावत जाऊन झेलत होता.