ल शांबों: नोंदी न ठेवणाऱ्या गावाचा इतिहास

गणितात एम.एस्सी. केलेल्यांनी अलेक्झांडर ग्रोथेंडीक हे नाव ऐकलेलं असतंच. १९६६चं फील्ड्स पदक मिळवणारा, आधुनिक बीजीय भूमिती नव्याने उभी करणारा माणूस. हा गणिती शाळेत कुठे शिकला, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. दक्षिण-मध्य फ्रान्समध्ये सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर ल शांबों-स्युर-लिन्यों नावाचं एक छोटं गाव आहे. १९४२ ते १९४४ या काळात ग्रोथेंडीक तिथल्या कोलेज सेवेनोल या शाळेत होता. वडील ज्यू होते. त्यांना १९४२मध्ये आउश्वित्झला पाठवलं गेलं आणि तिथेच ते मारले गेले. आई छावणीत अडकलेली. मुलगा राहत होता एका स्विस मदतसंस्थेने चालवलेल्या वसतिगृहात. पोलिसांची धाड येणार अशी कुणकुण लागली की मुलं लहान-लहान गटांनी जंगलात जाऊन एक-दोन रात्री काढत, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय.

आता हे गाव इतक्या मुलांना लपवू कसं शकलं? लोक धाडसी होते हे खरंच, पण संशोधक म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. आधीची परिस्थिती बघावी लागते. एक म्हणजे इथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट. १६८५मध्ये चौदाव्या लुईने नांतचा हुकूमनामा रद्द केला आणि प्रोटेस्टंट पंथच बेकायदा ठरला. सरकारपासून माणसं आणि धर्मग्रंथ लपवायची आठवण इथल्या घराघरांत होती. दुसरं कारण अगदी साधं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. थंड हवेचं ठिकाण असल्यामुळे युद्धाच्या कितीतरी आधीपासून शहरातली मुलं उन्हाळ्यात इथे येऊन राहायची. खानावळी, लॉज, मुलांची वसतिगृहं आधीपासून होती. अनोळखी पोर दिसलं तर कुणी वळूनही बघत नसे.

गावाचे पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस. फ्रान्सने शरणागतीचा करार केला २२ जून १९४० रोजी. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्याच दिवशी या दोघांनी चर्चमधून अहिंसक प्रतिकाराचं आवाहन केलं. ऑगस्ट १९४२मध्ये विशी सरकारचे युवक खात्याचे मंत्री लामिराँ गावात आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी पॅरिसमधल्या ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करणारं पत्र थेट त्यांच्या हातात ठेवलं! फेब्रुवारी १९४३मध्ये दोन्ही पाद्री आणि शाळामास्तर रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. महिन्याभराने सुटका झाली. पण जूनमध्ये गेस्टापोने विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर धाड घातली. ते चालवणारे दानिएल त्रोक्मे हे विज्ञानाचे शिक्षक आणि आंद्रेंचे नात्यातले भाऊ. विद्यार्थ्यांबरोबर त्यांनाही नेलं. एप्रिल १९४४मध्ये मायदानेकच्या छावणीत ते वारले.

गावाजवळच्याच एका वाडीवर १९४२च्या ऑगस्टपासून आणखी एक पाहुणा होता, आल्बेर काम्यू. क्षयरोग बळावला म्हणून हवापालटासाठी आलेला. नोव्हेंबरात दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं आणि अल्जीरियाला परतायचा त्याचा रस्ता बंद झाला. ‘प्लेग’ या कादंबरीवर त्याने इथे बरंच काम केलं. ती १९४७ साली आली. आसपास काय चाललंय हे त्याला कितपत ठाऊक होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. असो.

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सगळ्यात रंजक माणूस ऑस्कर रोसोव्स्की. ज्यू असल्यामुळे त्याला वैद्यकीय शिक्षणाची दारं बंद होती, म्हणून तो नीसमध्ये टाइपरायटर दुरुस्त करू लागला. त्या कामामुळे त्याला सरकारी कचेऱ्यांत प्रवेश मिळाला, कोऱ्या कागदांपर्यंत आणि शिक्क्यांपर्यंत पोचता आलं. शांबोंला आल्यावर हा विशीही न गाठलेला पोरगा खोटी ओळखपत्रं बनवायच्या कामालाच लागला. सामान लपवायची जागा? एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या. युद्धानंतर तो डॉक्टर झालाच.

आता तुमच्या-माझ्या कामाचा मुद्दा. इथे कागद जितका चोख, तितका तो खोटा असण्याची शक्यता जास्त! आणि खरी नावं लिहून ठेवणं म्हणजे माणसं पकडून देणं, म्हणून याद्या फारशा केल्याच नाहीत. मग इतिहासकार मोजणार काय? ‘शांबोंने ५००० ज्यू वाचवले’ हे वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. अमेरिकेतल्या होलोकॉस्ट संग्रहालयाचा अंदाज बारकाईने वाचा: आश्रय मिळालेले लोक सुमारे ५०००, त्यांपैकी ज्यू ३००० ते ३५००, आणि ही संख्या एकट्या गावाची नाही, आजूबाजूच्या पठारावरची गावंही तिच्यात धरली आहेत. याहून कमी आकडा मानणारे अभ्यासकही आहेत. म्हणजे ‘कोण’ आणि ‘कुठे’ हे दोन्ही निसटलं आणि आकडा तेवढा शिल्लक राहिला. आपल्या प्रयोगशाळेत कुणी एकक न लिहिता आकडा लिहिला तर गाइड वही परत फेकतील.

श्रेयाचंही तसंच. फिलिप हॅली या तत्त्वज्ञाच्या १९७९च्या पुस्तकामुळे त्रोक्मे जगभर पोचले. शेजारच्या गावांचे पाद्री, कॅथलिक शेतकरी, संस्थांमधल्या बायका मागे पडल्या. त्यावरून वाद झाले, अजूनही होतात. याद वाशेमने १९९०मध्ये शांबोंबरोबर शेजारच्या गावांनाही गौरवलं. मला ते योग्य वाटतं.

गावात याचं स्मारक-संग्रहालय झालं ते २०१३मध्ये. ज्यांना आसरा मिळाला त्यांच्यातले अनेकजण पुढे या विषयावर फारसं बोललेच नाहीत. व्हिएन्नाहून आलेला एरिक श्वाम हा त्यांच्यातलाच एक. १९४३मध्ये घरच्यांबरोबर इथे आला, पुढे लिओंमध्ये स्थायिक झाला. डिसेंबर २०२०मध्ये वयाच्या नव्वदीत तो वारला आणि मृत्युपत्र उघडलं तेव्हा कळलं, त्याने गावासाठी सुमारे २० लाख युरो ठेवलेत, मुलांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून.