ऑपेराची मुखत्यारी

नॉर्वेतील टेलेनॉर या दूरसंचार कंपनीच्या संशोधन विभागात १९९४ साली ज्याचे बीजारोपण झाले, त्या ऑपेरा ब्राउझरचा विशेष हा की, आपल्या पडद्याची व्यवस्था कशी लावावी याची जवळजवळ पूर्ण मुखत्यारी त्याने वापरणाऱ्याच्या स्वाधीन केली होती. माउसचे उजवे बटण दाबून धरून हात डावीकडे सरकविला की मागचे पान येई, खाली नेऊन उजवीकडे वळविला की टॅब मिटे. आणि एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नसे, ते साध्या मजकुराच्या फायली उघडून मेनूंची व कळांची रचना आपल्या मर्जीप्रमाणे बदलीत.

परंतु हा सारा डोलारा प्रेस्टो नामक स्वतंत्र इंजिनावर उभा होता, आणि संकेतस्थळे रचणारे वेबकिट या दुसऱ्या इंजिनापुरतेच पाहू लागल्यामुळे ते इंजिन चालविणे उत्तरोत्तर दुष्कर झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑपेरा कंपनीने ते सोडण्याचे जाहीर केले. जुलैत क्रोमियम या मुक्तस्रोत ब्राउझरच्या पायावर पंधरावी आवृत्ती आली, तीत बुकमार्कची नेहमीची सोयसुद्धा नव्हती आणि अंगभूत टपालव्यवस्था निराळी काढलेली होती. इंजिनाच्या खर्चाची अडचण खरीच. पण वर्षानुवर्षे घडविलेल्या सवयी अशा एका हुकुमाने बरखास्त व्हाव्यात, हा मला निःसंशय अन्याय वाटतो. २०११ सालीच कंपनीतून बाहेर पडलेले संस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी एप्रिल २०१६ मध्ये विवाल्डी या नव्या ब्राउझरची पहिली स्थिर आवृत्ती काढली, तेव्हा त्याच क्रोमियमच्या पायावर माउसच्या खुणा, कळांची फेररचना व टॅबांच्या चळती पुन्हा उपलब्ध झाल्या.